सॉफ्टबॉलची बॅटिंग शिकवताना: आधी पाय, मग हात

आपल्याकडे सॉफ्टबॉल खेळणाऱ्या बहुतेक मुलींच्या हातात या खेळाची बॅट येते ती शाळेच्या मैदानावर, पाचवी-सहावीनंतर. तोवर गल्लीत किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये भावंडांबरोबर भरपूर क्रिकेट झालेलं असतं. बॅट जमिनीवर टेकवून उभं राहायचं, चेंडू आला की डावा पाय लांब पुढे टाकायचा, डावं कोपर उंच धरून बॅट सरळ आणायची, हे अंगात मुरलेलं असतं. चेंडूवर नजर आणि चेंडूची भीती नसणं या दोन गोष्टी क्रिकेट फुकटात देऊन जातं. बाकीचं बरंचसं मोडून नव्याने बसवावं लागतं.

हे लिहिलंय ते शाळेत नव्याने संघ उभा करणारे क्रीडा शिक्षक, धाकट्यांना शिकवणाऱ्या सीनियर मुली आणि अंगणात मुलीला टॉस, म्हणजे हळू चेंडू, टाकणारे आई-बाबा यांच्यासाठी. उजव्या हाताने खेळणारी मुलगी धरली आहे. डावखुरी असेल तर बाजू उलट करून वाचा.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. स्विंगमधला, म्हणजे बॅट फिरवण्यातला, दोष जवळजवळ नेहमी हातात दिसतो आणि जवळजवळ कधीच हातात सुरू होत नाही. बॅट उशिरा येते, चेंडू वर उडतो, मनगट लवकर वळतं, आणि आपण ओरडतो, "हात नीट आण!" पण हात बिचारे पायांनी करून ठेवलेला घोळ निस्तरत असतात. म्हणून दुरुस्ती खालून वर करत जायची.

खेळ किती वेगळा आहे

महिलांच्या फास्टपिचमध्ये, म्हणजे वेगाने चेंडू टाकायच्या सॉफ्टबॉलमध्ये, पिचरची (चेंडू टाकणारीची) प्लेट होम प्लेटपासून, म्हणजे बॅटिंग करणारीजवळच्या प्लेटपासून, ४३ फुटांवर, म्हणजे १३.११ मीटरवर असते. (लहान गटांत अंतर कमी ठेवतात.) पिचर पाऊल टाकून पुढे येते, त्यामुळे चेंडू प्रत्यक्षात सुटतो तो साधारण ११ मीटरवरून. ताशी ८० किलोमीटरचा चेंडू ते अंतर अर्ध्या सेकंदात कापतो. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची, शिवाय चेंडू टप्पा पडून येतो. तिथे टप्पा बघून पाय पुढे की मागे हे ठरवायला थोडी उसंत मिळते. इथे टप्पाच नाही, म्हणून पायाचं काम चेंडू अर्ध्यावर येण्याआधी संपलेलं हवं.

दुसरा फरक बॅटचा. क्रिकेटच्या बॅटचं पातं सपाट, सव्वाचार इंचांपर्यंत रुंद असतं. सॉफ्टबॉलची बॅट गोल आणि जाडीला जास्तीत जास्त सव्वादोन इंच. चेंडूचा घेर १२ इंच, वजन १७८ ते १९८ ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा मोठा आणि जडही. गोल बॅटवर गोल चेंडू असल्यामुळे बोटभर वर-खाली झालं तरी फटक्याचा पॉप-अप, म्हणजे वर उडालेला सोपा झेल, होतो. सरळ बॅटने नुसता चेंडू अडवायची सवय इथे कामाची नाही. बॅट चेंडूच्या वाटेत जास्तीत जास्त वेळ राहिली पाहिजे.

बॅट आधी बघा

शाळेत दोन-तीन बॅट असतात आणि त्यांतली सगळ्यात लांब, चकचकीत बॅट सगळ्यांनाच हवी असते. अवजड बॅटने शिकलेली मुलगी हातांनी ओढून स्विंग करायला शिकते आणि ती सवय पुढे जाता जात नाही. साधी चाचणी अशी: बॅट एका हातात धरून हात खांद्याच्या रेषेत बाजूला सरळ पसरायला सांगा. वीस सेकंदांच्या आत हात थरथरून खाली यायला लागला तर ती बॅट तिच्यासाठी जड आहे. दहा वर्षांच्या मुलीला २८-२९ इंची, तेरा-चौदाच्या मुलीला ३१-३२ इंची बॅट साधारण पुरते, पण अंगकाठी बघून ठरवा.

हलकी बॅट नसेल तर मूठ इंच-दोन इंच वर सरकवून धरायला सांगा. यात कमीपणा काही नाही, मोठ्या खेळाडूही दोन स्ट्राइक झाल्यावर (तिसऱ्याला बाद) असं करतात. आणि या बॅटने सीझन बॉल मारू देऊ नका. पातळ भिंतीच्या धातूच्या किंवा कंपोझिट बॅटला त्याने पोचे आणि तडे पडतात.

पकड

डावा हात खाली, बॅटच्या टोकाच्या गोळीजवळ, म्हणजे नॉबजवळ. उजवा हात त्याला चिकटून वर. बॅट तळव्यात खोल रुतवायची नाही, बोटांत धरायची. दार ठोठावताना जी मधली पेरं वापरतो ती दोन्ही हातांची साधारण एका रेषेत आली की पकड जमली. शिकवताना 'वरचा हात' असं म्हणू नका. क्रिकेटमध्ये वरचा हात म्हणजे डावा, इथे बॅट उभी असल्यामुळे उजवा वर जातो, आणि मुली गोंधळतात. सरळ डावा-उजवा म्हणा.

मूठ आवळून धरली की खांदे ताठ होतात. चेंडू येईपर्यंत बोटं हलकी सैल असू द्या, फटक्याच्या वेळी ती आपोआप घट्ट होतात.

उभं राहणं

पावलं खांद्यांपेक्षा थोडी जास्त फाकलेली, गुडघे किंचित वाकलेले, वजन चवड्यांवर. टाचांवर उभी असलेली मुलगी ओळखायला सोपी: छातीवर बोटाने हलकंसं ढकललं तरी मागे जाते. प्लेटपासून किती लांब उभं राहायचं? कमरेतून वाकून बॅटचं टोक प्लेटच्या पलीकडच्या कडेला सहज टेकलं पाहिजे. प्लेट १७ इंच रुंद असते. लांब उभ्या राहणाऱ्या मुलीला बाहेरचा चेंडू कधी लागतच नाही, आणि भीतीने मागे सरकणाऱ्या बहुतेकींचं हेच होतं.

मान पूर्ण वळवून दोन्ही डोळ्यांनी पिचर दिसली पाहिजे. हे तपासायला उजवा डोळा तिचा तिलाच झाकायला सांगा, मग डावा. दोन्ही वेळा पिचरचा हात पूर्ण दिसला तर डोकं बरोबर आहे. हात उजव्या खांद्याजवळ, बॅट तिरकी, कोपरं सैल. मागचं कोपर उंच धरायची सूचना आपल्या मैदानांवर फार ऐकू येते. माझ्या मते ती सोडून द्यावी. ते कोपर स्विंगमध्ये खालीच यायचं असतं. जितकं वर ठेवाल तितका खाली यायचा रस्ता लांबतो, आणि इथे अर्ध्या सेकंदाचा मामला आहे.

भार मागे, पाऊल पुढे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. महिनाभर फक्त एवढंच शिकवलं तरी वाया जाणार नाही.

पिचरचा हात गोल फिरून डोक्यावर येतो तेव्हा मुलीने अंगाचा भार मागच्या, म्हणजे उजव्या पायाच्या आतल्या बाजूवर घ्यायचा. मागे झुकायचं नाही. उजवा गुडघा पावलाच्या बाहेर गेला तर भार जास्त झाला. याच वेळी हात बोटभर मागे जातात. मग चेंडू पिचरच्या मांडीजवळून सुटत असताना डावं पाऊल अर्ध्या वितीएवढं पुढे पडतं. पडताना आवाज येता कामा नये. आवाज आला याचा अर्थ सगळं वजन पायाबरोबर पुढे आदळलं.

क्रिकेटची सवय नेमकी इथे आडवी येते. मुलगी पाऊल हातभर टाकते, डोकं पाठोपाठ जातं आणि तिच्या अंगात वळायला जागाच उरत नाही, कारण मागच्या पायावर काही शिल्लक नसतं. मग मारायला फक्त दंड उरतात. पाऊल पडल्यावर डोकं दोन्ही पायांच्या साधारण मध्ये, थोडं मागेच हवं. हात अजून खांद्यापाशीच. पाय पुढे गेला आणि हात मागे राहिले, यातून जो ताण कमरेपासून खांद्यापर्यंत तयार होतो तोच पुढे वेग होतो.

पाऊल लांब पडणं थांबवायला बोलण्यापेक्षा वस्तू जास्त उपयोगी पडते. डाव्या पावलापुढे अर्ध्या वितीवर जुना मोजा किंवा चपटी दोरी टाका आणि तिच्या पलीकडे पाऊल जाऊ द्यायचं नाही असं सांगा. वीट ठेवू नका, पाय मुरगळेल. पाऊल पडण्याची दिशाही बघा: पिचरकडे, तिसऱ्या बेसकडे (पळताना गाठायच्या ठिकाणांपैकी तिसरं, पिचरकडे बघताना डावीकडचं) नाही. बोटं अर्धी बंद, म्हणजे पाऊल पिचर आणि होम प्लेट यांच्या मधल्या दिशेला. पाऊल पूर्ण उघडलं की कंबर आधीच सुटते.

काही मुलींना पाऊल टाकणं आणि वेळ साधणं दोन्ही एकदम जमत नाही. अशांना पावलं आधीच फाकवून उभं करा आणि फक्त डावी टाच उचलून टेकवायला सांगा. कित्येकींसाठी हेच कायमचं पुरतं.

टाच, कंबर, हात

डावी टाच जमिनीला टेकली की स्विंग सुरू. आधी कंबर वळते, मग छाती, मग हात, सगळ्यात शेवटी बॅटचं जाड टोक. ज्वारीच्या शेतात पाखरं उडवायला गोफण फिरवतात, तेव्हा अंग आधी फिरतं आणि दगड सर्वांत शेवटी सुटतो. मुलींना एवढं सांगितलं की पुरतं, आणि शहरातल्यांना दोरीच्या टोकाला मोजा बांधून फिरवायला द्या. सरावात मोठ्याने म्हणायला लावा: टाच, कंबर, हात. सुरुवातीला तिन्हींत चक्क थांबा घेऊन. हळू केलं तरच क्रम बसतो.

कंबर वळताना उजवी टाच उचलली जाते आणि बुटाची लेस पिचरकडे बघते. इथे एक प्रचलित चूक आहे: मुलीला जागच्या जागी चवडा गरगर फिरवायला शिकवतात, आणि ती तेवढंच करते. वजन मागेच राहतं. चवडा फिरणं हा परिणाम आहे. उजव्या पायाने जमीन ढकलली, वजन ताठ होत जाणाऱ्या डाव्या पायावर आलं, तर टाच आपोआप उचलली जाईल. फटक्यानंतर उजवा पाय सहज उचलता आला तर वजन बरोबर आलं.

आता हात. उजवं कोपर बरगडीजवळ खाली येतं, नॉब चेंडूच्या दिशेने निघतो, आणि बॅटचं टोक शक्य तितका वेळ खांद्याजवळ राहतं. नवशिकी मुलगी बॅट सुरुवातीलाच बाहेर फेकते, दोन्ही हात लांब करून मोठा गोल काढते. तसं करताना जोर खूप लागल्यासारखा वाटतो आणि आतला चेंडू हमखास मुठीजवळ लागून हात झिणझिणतात.

यावर जाळीचा सराव चांगला. जाळीसमोर उभं राहून बॅटची नॉब पोटाला लावायची आणि टोक जाळीला टेकवायचं. एवढंच अंतर ठेवून, जाळीला बॅट न लावता हळू स्विंग करायचा. हात अंगाजवळून आले तरच जमतं. हे भिंतीसमोर करू नका, बॅट आणि मनगट दोन्ही जातील.

चेंडू कुठे गाठायचा

मधला चेंडू पुढच्या पायाच्या रेषेत, आतला त्याच्याही थोडा पुढे, बाहेरचा थोडा मागे येऊ देऊन. चेंडू लागतो त्या क्षणी उजवा तळवा आकाशाकडे, डावा जमिनीकडे. मनगटं वळतात ती चेंडू निघून गेल्यावर. बॅट चेंडूतून पुढे, पिचरच्या दिशेने जाते, आणि मग डाव्या खांद्यावर संपते.

"वरून खाली मार" ही सूचना आपल्या शालेय संघांत का टिकून आहे ते समजतं. तालुक्याच्या सामन्यात जमिनीवरून गेलेला चेंडू समोरच्या संघाला नीट उचलता येत नाही, त्यामुळे असा फटका मारणारी मुलगी बेसवर पोचते आणि सर खूश होतात. विभागीय सामन्यात शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधली क्षेत्ररक्षक) तोच चेंडू उचलून आरामात पहिल्या बेसला देते. पहिला बेस फक्त ६० फुटांवर असला तरी साधा ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून गेलेला फटका, चांगल्या संघापुढे आउटच असतो. चेंडू पिचरच्या हातातून सुटून थोडा खाली उतरत येतो. बॅट त्याच्या वाटेवर आणायची तर ती सपाट किंवा किंचित वर जाणारी हवी. उजवा खांदा थोडा खाली जाणं हा दोष नाही. उजवा गुडघा दुमडून खांदा कोसळला तर दोष.

डोक्याबद्दल एवढंच: स्विंग सुरू होताना हनुवटी डाव्या खांद्यापाशी, संपताना उजव्या खांद्यापाशी. मध्ये डोकं हलत नाही, खांदे हलतात.

सराव कसा बांधायचा

टी, म्हणजे चेंडू ठेवून मारायचा उभा दांडा, विकत घ्यायलाच हवी असं नाही. रंगाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट भरून पीव्हीसी पाइप उभा करा, त्यात बसणारा दुसरा पाइप घाला, उंची बदलण्यासाठी भोकं पाडून खिळा अडकवा, आणि वर वीतभर रबरी नळी बसवा, म्हणजे बॅट लागली तरी पाइप फुटत नाही. मागे जुनं मासेमारीचं जाळं किंवा दुहेरी ताडपत्री सैल टांगा. टी पुढच्या पायाच्या रेषेत ठेवा. पुष्कळ ठिकाणी ती पोटासमोर ठेवलेली दिसते, आणि मुलगी रोज चेंडू उशिरा गाठण्याचा सराव करत राहते.

क्रम असा: बॅटशिवाय, मग बॅटने हवेत, मग टी, मग बाजूने टॉस, मग समोरून टॉस, शेवटी पिचर. बाजूने टॉस टाकणारीने तिरकं पुढे, बॅटच्या टप्प्याबाहेर बसायचं; समोरून टाकणारीने जाळीआड. पिचरपुढे आणि मोठ्या गटात हेल्मेट सक्तीचं, आणि बॅट फिरत असताना कोणी चेंडू वेचायला आत जायचं नाही. हा एक नियम इतका कडक ठेवा की मुली कंटाळतील.

सहा-आठ स्विंगचा एक डाव, मग थांबा. एका दिवसात चाळीस-पन्नास चांगले स्विंग या वयात पुरे. दमलेली मुलगी वाईट स्विंग घोटते. एका दिवशी एकच सूचना द्या. आज पाऊल तर आज हातांबद्दल अवाक्षर नाही, कितीही खटकलं तरी.

मोबाइलवर स्लो मोशन चित्रीकरण करा, मुलीच्या छातीसमोरून, कमरेच्या उंचीवर फोन धरून. तीन ठिकाणी थांबवून बघा. पाऊल पडलं तेव्हा हात खांद्यापाशी आहेत का? चेंडू लागला तेव्हा डावा पाय ताठ आणि उजवी टाच वर आहे का? शेवटी तोल सांभाळून उभी आहे का? पहिलं चित्र चुकलं असेल तर पुढची दोन बघायचीच नाहीत.

चेंडू काय सांगतो

चेंडू सारखा तिसऱ्या बेसकडे जमिनीवरून जात असेल तर मनगट लवकर वळतंय किंवा पाऊल उघडं पडतंय. आधी पाऊल बघा. सतत वर उडत असेल तर उजवा गुडघा कोसळतोय. चेंडू रोज उजव्या बाजूला फाउल, म्हणजे रेषेबाहेर, जात असेल तर ती उशिरा येतेय, आणि उशिराचं कारण बहुधा हळू हात नसतात, पाऊल उशिरा पडणं असतं. पिचरचा हात खाली यायला लागताच पाऊल उचलायला सांगा आणि दोन दिवस थांबून बघा. टीवर सगळं सुरेख आणि पिचरपुढे काहीच नाही, असं असेल तर स्विंगमध्ये हात घालू नका. तिला वेळ साधता येत नाही. पिचर सराव करत असताना तिला प्लेटजवळ हेल्मेट घालून, बॅट न फिरवता, फक्त पाऊल टाकायला उभं करा.

वेगाने पळणाऱ्या मुलींना लगेच डावखुऱ्यांच्या बाजूला उभं करून स्लॅप (पळायला सुरुवात करतानाच चेंडू टोलवणं) शिकवण्याकडे काही शिक्षकांचा ओढा असतो. स्लॅप आणि बंट (बॅट न फिरवता चेंडू हळूच पुढे टाकणं) दोन्ही हवेत, पण पूर्ण स्विंग बसण्याआधी स्लॅपकडे गेलेली मुलगी पुढे फक्त तेवढंच करते आणि समोरचा संघ इनफिल्ड, म्हणजे बेसजवळच्या क्षेत्ररक्षक, पुढे आणून तिला बांधून टाकतो.

स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात नवीन काही काढू नका. पकड बदलायची असेल तर स्पर्धा झाल्यावर. आणि मुलगी प्लेटवर असताना कडेवरून एकच शब्द जाऊ द्या, सरावात तिला सवयीचा झालेला, आणि तोही पिचरने हात फिरवायला सुरुवात करण्याआधी.